गोंड्याची गाठ

सुक्कोथ म्हणजे यहुद्यांचा मांडवांचा सण; त्या आठवड्यात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जेरुसलेमच्या जुन्या शहरात, यहुदी वस्तीच्या एका गल्लीत मी बरीच वर्षं काउंटर सांभाळते आहे. तालित म्हणजे गोंड्यांची प्रार्थनेची शाल, मेनोरा म्हणजे फांद्यांचा दिवा, मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीला लावायची वचनांची डबी, शोफार म्हणजे फुंकायचं शिंग, असा सगळा पूजेअर्चेचा माल, आणि या आठवड्यात गिऱ्हाईक मात्र बहुतेक ख्रिस्ती. १९८० पासून दर सुक्कोथला जगभरातले इव्हँजेलिकल लोक हा सण साजरा करायला इथे येतात, झेंडे घेऊन शहरातून मिरवणूक काढतात. ब्राझीलचे गट आले की तालितांची चळत दुपारपर्यंत संपते. त्यांच्याकडे साओ पावलोला २०१४ मध्ये शलमोनाच्या मंदिराच्या नावाने एक अवाढव्य चर्च उभं राहिलंय.

शोफार मागणाऱ्या प्रत्येकाला लांब, पीळदार शिंगच हवं असतं. ते आफ्रिकेतल्या कुडू नावाच्या हरणाचं. मेंढ्याचं आखूड, वाकडं शिंग दाखवलं की तोंड पडतं. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, शंभर वेळा फुंकतात ते बहुधा हेच, असं मी सांगते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर बायबलातल्या, शिंगांच्या नादाने कोसळणाऱ्या यरीहोच्या भिंती पडत असतात, तिथे वीतभर शिंगाचं काय कौतुक! ‘दुकानात फुंकू नये’ अशी पाटी चार भाषांत लावली आहे. ती कोणी वाचत नाही.

तर त्या दिवशी अशाच गर्दीत मागून आवाज आला, “अगं, एवढ्याशा शिंगाचे एवढे पैसे? लुटतायत नुसते.”

मराठी! मी वळून म्हटलं, “मावशी, भाव ठरलेला आहे, पण तुमच्यासाठी मालकांशी बोलून बघते.”

मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला. नगरकडची पंचवीसेक माणसं होती, सोबत त्यांचे पास्टर. मी ठाण्याची, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, आता इस्रायलमध्ये लोदला राहते, हे कळल्यावर शिंग राहिलं बाजूला आणि चौकशीच सुरू झाली. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हे ऐकून पास्टर म्हणाले, “म्हणजे ताई, तुम्ही आमच्या शेजारच्याच की!”

मावशी तालितच्या कपाटापाशी गेल्या. एक पांढरं, निळ्या पट्ट्यांचं वस्त्र त्यांनी हातात घेतलं आणि कोपऱ्याचा गोंडा बोटांत धरून उभ्या राहिल्या. “बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई ह्यालाच शिवली होती ना गं?” मी हो म्हटलं. शुभवर्तमानात ती येशूच्या वस्त्राला शिवून बरी होते, तिथे शब्दच ‘गोंडा’ आहे, आणि येशू यहुदी होता, त्याच्या वस्त्राला गोंडे असणारच. त्यांचे डोळे भरले. मला मात्र माझे वडील आठवले, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शेमाची प्रार्थना म्हणताना गोंडे डोळ्यांना लावणारे. आम्ही त्या वस्त्रालाच सिसिथ म्हणायचो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; त्या हिशेबाने ‘सिसिथ’ शब्दाचे सहाशे, वर आठ धागे आणि पाच गाठी, म्हणजे ६१३. देवाच्या तेवढ्या आज्ञा. मावशींच्या लेखी त्या गोंड्यात बरं करण्याचं सामर्थ्य होतं आणि माझ्या वडिलांच्या लेखी आज्ञांची आठवण.

इथे एक कबुली देते. गोंडे लावलेलं तालित यहुदी नसलेल्याला विकू नये, असं तलमुदात, म्हणजे आमच्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, स्पष्ट आहे. ते पांघरून कोणी यहुदी असल्याचं भासवेल आणि वाटेत दगा करील, ही भीती. आधी गोंडे काढावेत, मग विकावं. आमच्या मालकांना हा नियम माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. दुकानाचं भाडंही ठाऊक आहे. मी पगार घेते आणि पिशवीत भरून देते.

पास्टरांचं काम वेगळंच होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. “ताई, तोराची गुंडाळी मिळेल का? चामड्यावरची, खरी?”

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. तिची खरी गुंडाळी, सेफेर तोरा, म्हणजे तीन लाखांवर अक्षरं, शास्त्री हाताने लिहितो, वर्षभर लागतं. एवढ्या पैशांत तुमच्या गावी घर होईल, असं मी सांगितलं. मग त्यांनी काचेतली छापील, कागदी गुंडाळी दाखवली. “ही चालेल. गुंडाळायला हवीय.”

“कशाला गुंडाळायला?”

त्यांच्या मंडळीत एक म्हातारे सेवक होते, चाळीस वर्षं खेडोपाडी सायकलवर हिंडून सेवा केलेले. त्यांचा सत्कार करायचा होता. फोनवर त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. तो मी आधी पाहिला होता. २०१२ सालचा, अमेरिकेत जॉर्जियातल्या एका मोठ्या चर्चचा. बिशपला तोराच्या गुंडाळीत लपेटतात, मग खुर्चीसकट उचलून राजासारखं मिरवतात. यहुदी संघटनांनी निषेध केला, त्या बिशपने पुढे माफीही मागितली. पण व्हिडिओ फिरतच राहिला आणि नगरपर्यंत पोचला.

मला राग आला होता, पण समोर सत्काराचीच भाषा बोलणारा साधा माणूस. म्हटलं, “पास्टर, आम्ही त्या चामड्याला बोटही लावत नाही. वाचताना चांदीचा दर्शक फिरवतो. चुकून खाली पडली तर लोक उपास करतात. आणि माणसाला तोरात गुंडाळल्याची आमच्याकडे एकच मोठी गोष्ट आहे. रब्बी हनिना बेन तेरादियोन. रोमन लोकांनी बंदी घातली तरी तोरा शिकवत राहिले. त्यांना त्यांच्याच गुंडाळीत लपेटून पेटवलं. शिष्यांनी विचारलं, काय दिसतंय? ते म्हणाले, चामडं जळतंय, अक्षरं उडून चाललीयत.”

पास्टर काही बोलले नाहीत. गुंडाळी त्यांनी जागेवर ठेवली, सरळ केली. मावशी मागे उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. “मग शाल घाला की साधी,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे सत्काराला शालच घालतात.”

वातावरण सैल झालं. पास्टरांनी विचारलं, हिब्रू कुठे शिकलात? माझं शिक्षण इथलं, पण आमच्या समाजाला हिब्रू शिकवण्यात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा मोठा हात होता. १८२९ मध्ये ते मुंबईला आले आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्यांना आम्हाला ख्रिस्ती करायचं होतं. आमच्या माणसांनी व्याकरण ठेवून घेतलं, बाकीचं नम्रपणे परत केलं. यावर पास्टर खळखळून हसले. “मग आम्ही एक शिंग नेलं तर काय बिघडलं?”

उत्तर सुचलं नाही. त्यांनी कुडूचं शिंग घेतलं, मावशींनी तालित घेतलं. गोंडे मी कापले नाहीत.

नाताळच्या सुमारास पास्टरांचा व्हिडिओ आला. म्हातारे सेवक खुर्चीत, संकोचलेले, अंगावर तांबडी शाल, हातात नारळ. मागे एक तरुण कुडूचं शिंग फुंकतोय, आवाज थेट घाटात अडकलेल्या एसटीचा. मावशींचं तालित व्यासपीठावरच्या टेबलावर अंथरलेलं, त्यावर केक. मी चित्र थांबवून मोठं केलं. पुढच्या कोपऱ्यावरच्या गोंड्याची वरची गाठ सुटली होती.

बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग गाठ कशी बांधायची ते बोलून पाठवलं, आणि वर सांगितलं, केक दुसऱ्या टेबलावर ठेवा.