मागावरची चित्रे आणि चादरीचे जॅकेट : सोलापूरचा फेरफटका

आधुनिक कला आणि धाडसी पेहराव पाहायचा तर मुंबई-पुणे गाठावे, सोलापुरातून चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी घेऊन परतावे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली याच जिल्ह्यातील पंढरपुरात झाला. मात्र सोलापूरची आजची कला पाहायची असेल तर ती भिंतीवरच्या चौकटींपेक्षा मागावर शोधावी, असे मी आवर्जून सांगेन.

त्यासाठी शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपास जावे. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती असून घराघरांत तेलुगू बोलली जाते. मराठीतही सगळे मोकळेपणाने बोलतात. ओळखीतून आम्हाला हातमागावर वॉल हँगिंग विणणाऱ्या एका कारागिराचे काम पाहता आले. उभ्या धाग्यांखाली चित्राचा कागद होता आणि त्या रेषांबरहुकूम तो निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्या हाताने ओवत होता. त्या वेळी एका वृद्ध स्त्रीचा डोळा विणला जात होता. बुबुळाचा काळा, त्याला लागून तपकिरी, मग पापणीची सावली असे रंग चार-चार धाग्यांनी बदलत होते, आणि जवळून नुसते ठिपके वाटणारे ते विणकाम दोन पावले मागे सरकताच थेट आपल्याकडे पाहू लागत होते. यंत्रमागांच्या खडखडाटात हातमाग चालवणारे हात आता मोजकेच उरले आहेत. म्हणून वॉल हँगिंगच्या किमतीत घासाघीस करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारखान्यात किंवा घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत आणि मागाजवळ ओढणी वा सैल बाह्या सांभाळाव्यात. नक्षी विणणाऱ्या जुन्या जेकार्ड मागावर टांगलेली, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दिसली तर जरूर थांबावे, कारण चादरीवरचा प्रत्येक मोर त्या छिद्रांतूनच उमटतो.

सोलापुरी चादरीच्या शर्टाची मध्यंतरी समाजमाध्यमांवर बरीच चर्चा झाली. प्रत्यक्षात तो पेहराव छायाचित्रापेक्षा कितीतरी देखणा दिसतो, विशेषतः चादरीचा काठ जॅकेटच्या पाठीवर आडवा घेतला असेल तर. शिवून घ्यायचा असल्यास चादर स्वतः निवडावी. पानिपतहून आलेला मालही सोलापुरी नावाने विकला जातो, म्हणून भौगोलिक मानांकनाची (माल मूळ गावचाच असल्याची, ‘जीआय’) खूण, सुताचा जाडपणा आणि उलट बाजूस रंगांची अदलाबदल होऊन उमटलेली नक्षी हे तिन्ही तपासावे. कापल्यावर हे कापड कडेने उसवते. शिंप्याला आतून अस्तर लावण्यास सांगावे आणि पहिली धुलाई वेगळी करावी.

कुतूहलाचे ठिकाण म्हणून भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक चुकवू नये. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या चीनमधील आयुष्याचा पट सोलापुरातल्या त्यांच्या घरात पाहताना मन भरून येते. महापालिकेचे इंद्रभुवन हा पूर्वी वारद घराण्याचा वाडा होता. त्याचे नक्षीकाम बाहेरूनही मनसोक्त पाहता येते.

मुंबईहून वंदे भारत किंवा रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, तर पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि पत्र्याखालच्या मागांपाशी उभे राहवत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजेच गड्ड्याची यात्रा भरते. तेव्हा यायचे असल्यास मुक्कामाची व्यवस्था बरीच आधी करावी आणि विणकरांकडे जाणे यात्रेचे मुख्य दिवस टाळून ठरवावे.