सनईच्या टोनमधली टिकटिक

कीबोर्डवर सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला टोन, वाजवताना खरखर आली की आमच्या लाईनमध्ये ठरलेलं नाटक सुरू होतं. साउंडवाला म्हणतो कीबोर्ड गेलाय. कीबोर्डवाला म्हणतो तुझ्या मिक्सरचं चॅनल खराब आहे. शेवटी तह होतो आणि जॅकची वायर बदलली जाते, मग ती कालच आणलेली का असेना.

गेल्या लग्नसराईत बार्शीकडच्या ऑर्केस्ट्रातला एक पोरगा कीबोर्ड घेऊन माझ्याकडे सोलापूरला आला. मी स्वतः ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि ओळखीतल्यांना हलगी, संबळ, तुतारी असले आपले टोन तयार करून देतो, त्यामुळे असली दुखणी माझ्या दारात येतात. "दादा, सनई लावली की मागं शूं शूं येतंय. मधनंच टिक वाजतंय. बाकी टोन एकदम क्लिअर हायत." त्याआधी एका दुरुस्तीवाल्याने आउटपुटचं सॉकेट बदलून पैसे घेतले होते. सॉकेट बदलल्यावर एकट्या सनईची टिकटिक कशी थांबणार होती, ते त्या माणसालाच ठाऊक. बाकीचे टोन स्वच्छ आहेत म्हटल्यावर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचं कारणच नव्हतं.

तरी पहिलं काम हेडफोनचं. मिक्सर नाही, अँप नाही, हेडफोन थेट कीबोर्डला. इफेक्ट सगळे बंद. टिकटिक आणि शूं शूं जागच्या जागी. म्हणजे बाहेरच्या वायरींचा विषय मिटला.

मग खरी परीक्षा, आणि ती फुकटची आहे. पट्टी बदलून ऐकायचं. काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबून धरली, सेकंदाला साधारण एक टिक. त्याच्या वरच्या सप्तकातली काळी एक दाबली, टिक दुप्पट वेगाने. खालच्या सप्तकात गेलो तर निम्मी. शूं शूं पण तशीच, वर गेलं की बारीक किरकिरी, खाली आलं की जाड, वाऱ्यासारखी. पट्टी सोडली की गायब. हळू दाबली की तीही हळू.

सॅम्पल म्हणजे शेवटी एक रेकॉर्डिंग. वरचा सूर हवा असेल तर कीबोर्ड तेच रेकॉर्डिंग जास्त वेगाने वाजवतो. अर्धा सूर वर जायला वेग 1.0595 पट, सप्तक वर जायला दुप्पट. रेकॉर्डिंगमध्ये पंखा, श्वास, ट्यूबलाइट जे काही अडकलेलं असेल ते सनईबरोबर वर-खाली होतं. उलट, वायरीतून किंवा सर्किटमधून येणाऱ्या आवाजाला तुम्ही कोणती पट्टी दाबली ते कळतच नाही. तो आहे तिथेच घुमत राहतो. पट्टीबरोबर हलला तर सॅम्पल तपासा, हलला नाही तर वायर आणि लाईट. माझं तरी निम्मं निदान एवढ्यावरच होतं.

ह्या टोनमध्ये आणखी एक पाहुणा होता. पट्टी दाबल्यावर सनई लागायच्या आधी क्षणभर मोकळी जागा राहिली होती, आणि त्यात बारीक घुंई ऐकू येत होती. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. खर्जातली पांढरी पाच असते 49 हर्ट्झची. म्हणून आपल्या स्टेजवरची घुंई नेहमी पांढरी पाचपेक्षा किंचित चढी लागते. पुढच्या वेळी ट्यूनर लावून बघा. (अमेरिकेत 60 हर्ट्झ, तिथली घुंई काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी बेसूर पडते. त्या मानाने आपण सुखी.) पण इथे मूळची काळी एक सोडून पांढरी दोन दाबली की घुंईसुद्धा अर्धा सूर वर सरकायची. म्हणजे ती मूळ रेकॉर्डिंगच्या वेळीच आत शिरलेली.

फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ऑडॅसिटी ह्या ऑडिओ एडिटरमध्ये उघडली. टिक लगेच सापडली. टोन लांब धरता यावा म्हणून सॅम्पलचा एक तुकडा गोल गोल फिरवतात, तो लूप. ह्या लूपच्या शेवटी लाट वरच्या टोकाला होती आणि सुरुवात रेषेच्या खालून. दर फेरीला स्पीकरला वरून खाली उडी, आणि ती उडी म्हणजेच टिक. दोन्ही टोकं शून्य रेषेवर आणली की काम झालं असं पुष्कळजण समजतात, पण तेवढ्याने भागत नाही. शेवटाला लाट चढती असेल तर सुरुवातही चढतीच हवी. शिवाय सनईचा सूर सरळ नसतो, फुंकेप्रमाणे हलतो, त्यामुळे ते हेलकावेही लूपमध्ये पूर्ण बसले पाहिजेत. अर्ध्यावर कापले तर टिक जाते आणि उचकी येते. एवढं करूनही सांधा जाणवलाच तर थोडा क्रॉसफेड, म्हणजे शेवट विरता विरता त्यात सुरुवात हळूच मिसळायची.

शूं शूंचं मूळ वेगळं. ही सनई कुणीतरी मंगल कार्यालयात लांबून मोबाईलवर घेतलेली, चार जणांकडून फॉरवर्ड होत आलेली. मुळात आवाज बारीक, म्हणून कुणीतरी ती 20 डेसिबलने वाढवली. सनई दहापट झाली, तशी हिस, म्हणजे ही शूं शूं, तीही दहापट. वर टोनमध्ये कॉम्प्रेसर (मोठा आणि बारीक आवाज सारखा करणारा इफेक्ट) लावलेला. सूर मंदावला की तो मागची हिस वर ओढतो. आणि एकेका पट्टीबरोबर हिसचा नवा थर. पोराला वाटत होतं की मशीनच हलकं आहे. 1984च्या एन्सॉनिक मिराज ह्या सॅम्पलिंग कीबोर्डबद्दल तसं म्हणता आलं असतं; तो 8 बिटचा, म्हणजे मोठ्यात मोठा आवाज आणि मशीनची स्वतःची हिस यांच्यात हिशेबाने साधारण 48 डेसिबलचाच वाव. आजचा साधा 16 बिटचा कीबोर्डसुद्धा 96 पर्यंत जातो. इतकी हिस काढायला मशीनला जमणारही नाही.

नॉइज रिडक्शन मारून बघूया, असं त्याचं म्हणणं. मारून दाखवलं. सनई पाण्यात बुडवल्यासारखी झाली. जिव्हाळीची (सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीची) जी खरखर असते ती हिससारखीच वरच्या फ्रिक्वेन्सीत, हिसबरोबर तीही जाते. ती नसेल तर सनई कशाला, क्लॅरिनेट लावा.

सरळ नवीन रेकॉर्डिंग केलं. आमच्या पेठेत एक मामा आहेत. चौघड्याबरोबर त्यांनी उभा जन्म नुसता सूर धरला. मुख्य सनईवाला वेगळा, हे मागे षड्ज देणारे. मला हवा होता तोच माणूस. गालात हवा साठवायची, ती तोंडाने सोडता सोडता नाकाने श्वास ओढायचा, सूर कुठे तुटत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीला गाद्या उभ्या. सनईचा आवाज भोकांतूनही येतो, म्हणून माइक पेल्याच्या (सनईच्या खालच्या रुंद टोकाच्या) तोंडासमोर न धरता दोनेक फुटांवर जरा बाजूला ठेवला. 24 बिट, आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) असा की जोरात वाजलं तरी उणे 10 डेसिबलच्या आसपास. दर तीन अर्ध्या सुरांना एक सॅम्पल घेतलं, म्हणजे कुठलंच फार ताणायला नको. एकच सॅम्पल दोन सप्तकं वर ओढलं की काही कीबोर्डांत वेगळीच भुतं, म्हणजे मुळात नसलेले सूर, निघतात. सूर सरकवणारा बेंड वर केला तर ती खाली पळतात. मामांनी मधे चहा मागितला, तेवढाच खंड.

पुढचं काम किरकोळ. सुरुवातीची मोकळी जागा कापली, कॉम्प्रेसर काढला, रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) शून्यावर होता तो थोडा वाढवला, नाहीतर पट्टी सोडताना लाट मध्येच तुटून टक् होतं. मामांची फुंक लागतानाचा बारीक फुस्स मात्र मी मुद्दाम ठेवलाय.

पुढच्या कार्यक्रमातून पोराचा फोन. "दादा, टिक गेली, शूं गेलं, पण घुंई हाय!" पट्टी बदलून हलते का विचारलं. नाही. सगळ्या टोनला येते? हो. लॅपटॉप जोडलाय? जोडलाय, चार्जिंगला. "चार्जर काढ." काढला, घुंई बंद. तोवर मांडवातल्या कुणीतरी त्याला प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला दिलेला. हे मात्र करू नका. लोखंडी स्टँड, ओला मांडव, जनरेटरची लाईन, आणि घाम आलेला हात पट्टीवर. ग्राउंड लिफ्टचा डीआय बॉक्स मिळतो, म्हणजे फक्त आवाजाच्या वायरीतलं ग्राउंड तोडणारी डबी, प्लगची अर्थिंग तशीच राहते; तो कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा. त्याने तो मागवलाय. येईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर.