गाळानं बुजलेलं भोक

गाडी जुनी डिझेल सुमो, भाविकांच्या भाड्यावर चालणारी. अक्कलकोट, गाणगापूरला निवांत जायची. तुळजापूरचा घाट लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आणि पाणी बाहेर. दुसऱ्या एका गॅरेजात ‘हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवा’ म्हणून सांगून टाकलेलं. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालची सीलबंद पट्टी. गाडी न तपासता असं सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. गॅस्केट गेलं असलं तर थंड इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, बऱ्याचदा ऑइलही दुधाळ होतं. इथं दोन्ही नव्हतं. गाडी तापवली, इंजिन बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. मधले पट्टे गार. त्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं.

गाडीवाल्या मामांनी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. जे पाणी बादलीला पांढरा थर धरतं, ते इंजिनात तापून काय करणार? त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, कुणीतरी काढून टाकलेला. ‘काढा, गाडी थंड राहते’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण इंजिन गारच पळालं की डिझेल जास्त खातं आणि इंजिनातले लायनर, रिंगा लवकर झिजतात, हे कोण सांगणार?

इंजिन गार झाल्यावर रेडिएटर रिकामा केला आणि ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या धडाचा, ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) खोलला. बरेच जण तो खोलतच नाहीत, म्हणून तळाचा गाळ आत राहतो. प्लग हातात आला, पाण्याचा थेंब नाही. तारेनं टोकरलं तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा गाळ पडला, मग एकदम तांबडं पाणी. सायट्रिक ॲसिडचं पाणी थोडा वेळच फिरवलं, जास्त राहिलं तर ॲल्युमिनियम खातं. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं, आणि शेवटी खालून पाईप लावून उलट्या दिशेनं, वरून नितळ येईपर्यंत. हीटरचा कॉक सगळा वेळ उघडा.

नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली. काटा मधोमध थांबला. आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्यातून हिरव्या कूलंटची धार!

“मालक, धुवायला आणली होती. गळत नव्हती की ओ,” मामा मला म्हणाले.

रेडिएटरवाल्याकडं टाकी उतरवली, नळ्यांतून सळई फिरवली. सांध्याचं पितळ जुनंच खाल्लेलं होतं, मामांना बोट लावून दाखवलं. डाख देऊन आणला, त्याचे पैसे मी घेतले नाहीत. घाट आता विनातक्रार चढते. तरी मामांच्या मते भोक मीच पाडलं.

आधी प्रेशर पंप (दाब देऊन गळती शोधणारा) लावून बघितलं असतं तरी गाळ भोक धरून बसला असता आणि गळती दिसली नसती. मग अशा प्रत्येक गाडीची टाकी फ्लशच्या, म्हणजे या आतल्या धुण्याच्या, आधीच खोलायची का? त्यात गिऱ्हाइकाचा दिवस जातो, भाडं बुडतं. सध्या मी ‘फ्लशनंतर जुनी गळती उघडी पडू शकते’ असं जॉब कार्डावर लिहून सही घेतो. मामांना तेही पटलेलं नाही.