सही अडली ती तिसऱ्या प्रकरणावर

आमच्या महाविद्यालयात भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून मराठवाड्यातल्या जमीन-पाण्यावर डिजिटल पुस्तक केलं. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: श्रेय द्या, मग फुकट वाचा, छापा, बदला, विका, बदललेलं मात्र त्याच परवान्यानं खुलं ठेवा. नांदेडला ग्रंथपाल असल्यानं संमतीपत्रं आणि शेवटची मांडणी माझ्याकडे होती.

लोकांना वाटतं, पीडीएफ चढवली की झालं. निम्मा मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो युनिकोडमध्ये आणला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, रफार सरकतो आणि ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. शेतीपाण्याच्या पुस्तकात हा शब्द पानोपानी! आमचे दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून पुस्तक ऐकतात, त्यांच्या कानावर चुकीचा शब्द पडतो. म्हणून ओळन् ओळ नजरेखालून घातली. या कामाला कारकुनी समजणाऱ्यांनी एक प्रकरण करून बघावं.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्रकरणाची लेखिका, बीएस्सीची मुलगी, कोरं संमतीपत्र घेऊन आली. तिनं विहिरींचे उभे छेद काढलेत: वर काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण आणि पाझर कुठल्या थरातून सुटतो त्याची खूण. नात्यातल्या विहिरींत उतरून टेप लावून मोजलेलं काम आहे ते.

“मॅडम, उद्या गाईडवाल्यानं हेच छापून विकलं तर?”

विकू शकतो, मी म्हटलं. तुझं नाव द्यावं लागेल, पण पैसे त्याचे.

“मग मला नाही द्यायचं असं.”

विभागप्रमुख वैतागले. पुस्तक संस्थेचं, हिच्या सहीशिवाय काय अडलंय, असं त्यांचं म्हणणं. अडलं होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणाचा पहिला मालक लेखक. नोकरीत केलेल्या कामाला अपवाद आहे, पण विद्यार्थी संस्थेचा नोकर नसतो आणि हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. पोरांचं काम गृहीत धरायची सवय आपल्या महाविद्यालयांत फार मुरलेली आहे.

मी तिला विनाव्यापारी अटीचा, म्हणजे धंद्यासाठी वापरायला मनाई करणारा परवाना दाखवला. तिची पुढची शंका झेरॉक्सवाल्याची: गावाकडची पोरं त्याच्याकडूनच प्रती काढणार, तो तर पैसे घेतो. हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला होता. शाळांसाठी पैसे घेऊन प्रती काढणाऱ्या फेडेक्स ऑफिसवर ग्रेट माइंड्स या अशाच अटीनं शालेय साहित्य देणाऱ्या संस्थेनं दावा लावला आणि २०१८मध्ये अपील न्यायालयानं फेडेक्सच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण तर्क पटण्यासारखा आहे. शाळेला परवानगी असेल, तर तिच्या वतीनं प्रत काढणाऱ्यालाही आहे.

तिनं सही केली. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर वेगळा परवाना ठळक छापला आणि पुस्तक ठरल्या दिवशी निघालं.

मला एकच सलतं. या अटीमुळे तिच्या आकृत्या मराठी विकिपीडियावर नेता येणार नाहीत, आणि विहिरींवरच्या लेखांना नेमकं असंच काही हवं आहे. ती केव्हाही अट काढू शकते. उलट, खुला दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणूनच त्या दिवशी मी तिला आग्रह केला नाही. गाईडवाले कसे छापतात ते तिनं पाहिलंय, मीही पाहिलंय.