भामटा आणि जनरल रजिस्टर

आपल्या शाळेतले मराठीचे सर शनिवारच्या सकाळच्या शाळेत फळ्यावर एक शब्द लिहायचे आणि "याचं कूळ काढा" म्हणून खडू खाली ठेवायचे. मग वाचनालयातून दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड यायचे. सरांना चोर-पोलिसांच्या शब्दांची भलती हौस. मवाली, पुंड, ठक, उचल्या सगळे येऊन गेले. दहावीच्या वर्षी 'भामटा' आला आणि वर्गात हशा पिकला.

"हसू नका, हे जातीचंही नाव आहे," सर म्हणाले, आणि त्या दिवशी कोश उघडलेच नाहीत. तासभर बोलले ते आगगाडीवर आणि कायद्यावर. आगगाडी आली, तसं तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बाकाखाली चादर पांघरून पडायचं आणि अंधारात शेजाऱ्याचं गाठोडं उसवायचं, ही चोरी भामट्यांच्या नावावर जमा झाली. 1908 साली केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगारांवर टिपणं छापली, त्यातही ते आहेत. काही जण चोऱ्या करत असतील. कुठल्या जातीत करत नाहीत? पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याला 'काही जण' हा हिशेब मान्यच नव्हता. 1911 च्या दुरुस्तीने तो आपल्या इलाख्यापर्यंत पोचला. जमातीच्या जमाती नोंदवल्या गेल्या. चौकीवर हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास, आणि सोलापूरला तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला आणि सरकारदरबारी या जमाती 'विमुक्त' झाल्या.

पुढे माझं पोट वर्तमानपत्राच्या डेस्कवर भरलं. तिथे भामट्याची रोज गाठ. एककॉलमी मथळ्यात 'फसवणूक करणारा अनोळखी इसम' मावत नाही, 'भामटा' मावतो. 'गंडा घातला' हे त्याचं ठरलेलं क्रियापद. पूर्वी तो दारावर येऊन दागिने पॉलिश करून द्यायचा, मग एटीएमपाशी कार्ड बदलू लागला, आता 'सायबर भामटा' होऊन केवायसीचा फोन करतो. रेल्वेचा डबा कधीच सुटला. घरोघरच्या आज्या तर लाडू पळवणाऱ्या नातवालाही 'भामट्या' म्हणतात, तेही लाडाने. म्हणजे शब्दातली जात पुसली गेली, असं आमच्या डेस्कवरच्या मंडळींचं म्हणणं. मला ते कधी पटलं नाही.

कारण त्या शनिवारी न हसलेला एक मित्र वर्गात होता. राजपूत भामटा. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तेव्हा 'वर्तणूक'च्या रकान्यात कुणाला काय शेरा मिळालाय, ते आम्ही एकमेकांना दाखवत होतो. त्यानेही दाखवला, पण जातीच्या रकान्यावर अंगठा दाबून धरून. अनेक घरांनी तर मागचा शब्द गाळून नुसतं 'राजपूत' लावायला सुरुवात केली होती.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) त्याच्या मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी जात पडताळणी आली. विमुक्त जातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. त्याचे वडील आपल्याच शाळेत शिकलेले. जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, त्यांच्या नावापुढे 'राजपूत भामटा' असं पूर्ण लिहिलेलं असेल तर काम सोपं; नुसतं 'राजपूत' असेल तर फाइल दक्षता पथकाकडे आणि पोरीचं वर्ष टांगणीला. तो उतारा काढायला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. लिपिकाने फडक्याने धूळ झटकून रजिस्टर उघडलं, रकान्यावरून पट्टी खाली आणली. दौतीच्या शाईत, बाळबोध वळणाने पूर्ण शब्द होता. मित्राने लिपिकाला दोनदा विचारलं, "नीट वाचा, भामटा आहे ना?"

2023 मध्ये जातीच्या नावातला हा शब्द काढण्याची घोषणा सरकारकडून झाली, तेव्हा विरोध केला तो विमुक्तांच्याच संघटनांनी. शब्द गेला की नुसते राजपूतही विमुक्तांच्या तीन टक्के आरक्षणात वाटेकरी होतील, ही त्यांची भीती. ती खोटी म्हणता येत नाही. आणि आपल्या पोरीच्या जातीचं नाव रोज चोराच्या मथळ्यात वाचणाऱ्या बापाचा संतापही खोटा नाही. मित्राचं मत विचारलं तर म्हणतो, "पेपरातनं काढा, दाखल्यावर राहू द्या." पेपरातनं काढणं तर अगदी सोपं आहे. 'ठक' हा शब्द 'भामट्या'पेक्षाही आखूड, मथळ्यात आरामात बसतो. डेस्कवर मी तो सुचवत असे. काही दिवस चाले, मग नवा कुणी रुजू झाला की भामटा परत.

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीला एक विनंती. सभागृहाचा रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. आधी 1961 पूर्वीची रजिस्टरं स्कॅन करून घ्या. आम्ही पाहिलेल्या खंडाची शिवण उसवली आहे, आणि उतारे मागायला लोक अजून येत आहेत.