गिअरबॉक्स नव्हे, केबल

गिअरबॉक्स उतरवायचा आहे, असा निरोप होता. जेटीला लागताना रिव्हर्स पडलाच नाही, बोटीचं नाक लाकडावर आदळलं आणि पुढे दोर घेऊन उभी असलेली मालकांची मुलगी थोडक्यात वाचली. मालक अजून त्या धक्क्यातून सावरले नव्हते. एका कारागिरानं वरवर बघून त्यांना सांगून टाकलं होतं, की क्लच प्लेटा जळाल्या, आता बॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

मी आधी विचारलं, "लिव्हर जड कधीपासून लागतोय?"

"तो जडच आहे हो. दोन हातांनी टाकावा लागतो. जुनी बोट, चालायचंच."

त्यांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्यांना तो लिव्हर हलवताच येत नव्हता, म्हणून त्यांनी बोट चालवणं सोडून दिलं होतं. हे ऐकल्यावर गिअरबॉक्सवरचा माझा संशय निम्मा उतरला. हायड्रॉलिक बॉक्सचा लिव्हर हलवायला जोर लागत नाही. आत झडप फिरते, बाकीचं काम तेलाचा दाब करतो. मग हा जोर खर्च कुठे होत होता?

इंजिन बंद ठेवून तपासणी सुरू केली. या बोटीला एकच लिव्हर होता, एका केबलनं गिअरबॉक्सला आणि दुसरीनं इंजिनाच्या थ्रॉटलला, म्हणजे वेग वाढवणाऱ्या भागाला, जोडलेला. पहिल्या टप्प्यात गिअर पडायचा आणि त्यापुढे ढकलला की थ्रॉटल उघडायचा. अशा लिव्हरला सहसा एक बटण असतं. ते दाबून ठेवलं की गिअर न पडता नुसता थ्रॉटल चालतो. बटण दाबून लिव्हर पुढे नेला, तर तोही घासत, अडखळत गेला. म्हणजे थ्रॉटलची केबलही धड नव्हती. मग खाली उतरून गिअरच्या केबलची पिन काढली, टोक सोडवलं आणि बॉक्सवरचा लिव्हर दोन बोटांनी फिरवला. फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स, तिन्ही खाचांत टकटक बसला. मालकांना खाली बोलावून त्यांच्याच हातानं फिरवायला लावला. ते बराच वेळ तो पुढेमागे करत राहिले.

वर कंट्रोलच्या, म्हणजे चालकाच्या हातातल्या लिव्हरच्या, टोकालाही केबल सोडवली. लिव्हर एकदम हलका झाला. दोन्ही टोकांची यंत्रं ठीक, दोष मधल्या केबलमध्ये. ही तपासणी करायला एक पाना आणि एक पक्कड पुरते. ती न करता कुणाला गिअरबॉक्स उतरवायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

मालकांनी विचारलं, "तेल सोडून मोकळी नाही व्हायची?" नाही होणार. सायकलच्या ब्रेकची तार फक्त ओढते, ही केबल ओढते आणि ढकलतेही. त्यासाठी आतली तार प्लॅस्टिकच्या नळीत घट्ट, पण सरकेल अशी बसवलेली असते, नळीभोवती पोलादी तारांचं कवच आणि त्यावर वेष्टन. टोकं कारखान्यातच बंद केलेली असतात, त्यामुळे तेल जिथे हवं तिथे पोचत नाही. वेष्टन फाटून खारं पाणी आत गेलं की पोलादी तारा गंजून फुगतात आणि नळी आवळतात. अशा केबलवर तेल सोडून चार दिवस हलकं वाटलं, तरी तो भरवसा खोटा असतो.

जुनी केबल बाहेर काढली तेव्हा सगळंच उलगडलं. एका जागी ती एक्झॉस्टच्या पाइपाला टेकून प्लॅस्टिकच्या पट्टीनं करकचून बांधलेली होती. तिथलं वेष्टन वितळून चपटं झालं होतं आणि फटीतून तपकिरी चुरा हातावर पडत होता. वर कंट्रोलच्या मागे तर ती मुठीएवढ्या वळणात कोंबली होती. आधी कुणीतरी लांबीला कमी पडणारी केबल बसवली होती. ती पुरावी म्हणून एक्झॉस्टजवळून आडवी नेली आणि टोकाला तीव्र वळण दिलं. वेष्टनावरच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे फुटांत लांबी सांगत होते. तो क्रमांक बघून तसलीच मागवली असती, तर तीच कथा पुन्हा घडली असती.

म्हणून मी दोर घेऊन नवा मार्ग मोजला, एक्झॉस्टपासून दूर, कडेकडेनं. केबल पूर्ण फुटांच्या मापात मिळते, म्हणून वरच्या फुटाची घेतली. कुठल्याही वळणाची त्रिज्या 8 इंचांच्या खाली येऊ द्यायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. काही लवचीक केबली याहून कमी वळण सोसतात, पण जागा असताना त्यांना छळायचं कशाला? दोन्ही केबली एकदमच बदलल्या. एकाच वयाच्या, एकाच वाटेनं गेलेल्या, त्यातली एक मेल्यावर दुसरीचा काय भरवसा? बल्कहेडच्या, म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीच्या, भोकांना रबरी कडी बसवल्या आणि पट्ट्या सैल, नुसत्या आधारापुरत्या बांधल्या.

खरा वेळ जुळवणीला लागला. कंट्रोल न्यूट्रलमध्ये, बॉक्सही न्यूट्रलच्या खाचेत, आणि केबलचं टोक जराही न ओढता पिनवर आपसूक बसलं पाहिजे. नाही बसलं तर आट्यांवरचा तुकडा फिरवायचा, पुन्हा बघायचं. मग फॉरवर्ड आणि रिव्हर्स, दोन्हीकडे लिव्हर खाचेत पूर्ण पोचतोय का, हे बॉक्सपाशी बसून डोळ्यांनी बघायचं. वर हाताला काय जाणवतं, त्यावर विसंबायचं नाही. खाचेच्या अलीकडे अडकला तर दाब पुरता बनत नाही, प्लेटा घसरतात आणि जळतात. जड केबल वेळेवर बदलली नाही, तर त्या कारागिराचं भाकीत खरं व्हायला वेळ लागत नाही. या बोटीत ते घडण्याआधी आम्ही पोचलो, याचं मला फार बरं वाटलं.

थ्रॉटलची जुळवणी तशीच, इंजिनवरचा दांडा एका टोकाला आयडलच्या, म्हणजे सर्वांत मंद वेगाच्या, स्क्रूला टेकला पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण उघडला पाहिजे. जुन्या केबलनं तो पूर्ण उघडत नव्हता. मालक समजत होते, की वयानं इंजिनाची ताकद कमी झाली आहे.

बोट जेटीला चार दोरांनी घट्ट बांधून, पुढच्या टोकाला कुणालाही उभं न ठेवता इंजिन चालू केलं. फॉरवर्ड, थांबून न्यूट्रल, रिव्हर्स. मग मोकळ्या पाण्यात नेली. पूर्ण थ्रॉटलला काटा इंजिनाच्या नोंदवलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत गेला. परत येताना मालकांच्या पत्नींनी लिव्हर हातात घेतला. जेटीपासून एका बोटीच्या लांबीएवढ्या अंतरावर असताना त्यांनी रिव्हर्स टाकला, एका हातानं, आणि बोट जागीच थांबली. मी मालकांना एवढंच म्हटलं, की आता हात जड लागला तर त्याच दिवशी फोन करा.