बांधावरची ओळखपरेड

फुलं बघायची तर भादव्यात कासला जावं, असं एकदा ठरूनच गेलंय. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली कासचंही नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं, तेव्हापासून तर विचारायलाच नको. आमच्याकडं अंबाजोगाईहून मुकुंदराजाकडं जाणाऱ्या वाटेला तिकीट नाही की रांग नाही. पठारभर पसरलेला रंगही नाही. लांबून दिसतो तो मुरमाड माळ, त्यावरचं कुसळी गवत आणि कडेला पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. इथली फुलं बघायला थांबावं लागतं, आणि बहुतेकदा चक्क खाली बसावं लागतं.

सराटा घ्या. मराठवाड्यात लहानपणी अनवाणी फिरलेल्या कुणालाही सराटा काय ते सांगावं लागत नाही. पण त्याचं फूल कसं असतं विचारा, भलेभले गप्प. पिवळं धमक, पाच पाकळ्यांचं, नखाएवढं फूल. वेल जमिनीला धरून पसरलेला, म्हणून फोटोसाठी कोपरं टेकावी लागतात. आणि आधीच्या फुलांचे सराटे तिथंच तयार असतात. फोटो चांगला आला की नाही ते मोबाइलमध्ये नंतर बघायचं, आधी कोपरात मोडलेला काटा काढायचा.

जवळच मुरमात विष्णुक्रांता असते. निळी, सराट्याच्या फुलाहूनही लहान. मोबाइलला एवढंसं काही दिसतच नाही, तो मागच्या गवतावरच नजर लावून बसतो. अशा वेळी फुलामागं तळहात धरावा. मोबाइलला दुसरं बघायला काही उरत नाही आणि वाऱ्यालाही आडोसा होतो. हे सगळं नऊच्या आत उरकायचं. दुपारपर्यंत ही फुलं मिटतात आणि भादव्याचं ऊन माणसालाही मिटवतं.

नाव शोधायचं काम त्याहून किचकट. अॅपला नुसतं फूल दाखवलं की ते कुठल्या तरी दुसऱ्याच खंडातलं झाड सांगून मोकळं होतं. म्हणून पान वरून, पान खालून, पानं समोरासमोर आहेत की आलटून पालटून, खोडावर लव आहे का, एखादं कोवळं फळ, असे सगळे फोटो काढून ठेवावेत. ग्रंथांत बघायचं म्हटलं तर थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पूर्ण झाला, पण आपण तेव्हा निजामाकडं. आपल्या माळावरच्या झाडाझुडपांची सविस्तर नोंद प्रा. व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’च्या दोन खंडांत आली ती १९९८ साली. अनुशेष म्हणतात तो फक्त रस्त्या-पाण्याचाच नसतो.

मी बांधावर असा आडवा झालेलो असताना तुरीत खुरपणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “काय हुडकायलेत, सर? काही पडलं का?”

“नाही मावशी, फुलाचा फोटो काढतोय.”

“कशाचं फूल? त्या केन्याचं?” त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. मग हातातलं खुरपं पुढं करून दोन पानांची कोवळी रोपं दाखवत गेल्या. हा केना, हा कुर्डू, हा आघाडा. एकाही रोपाला फूल नव्हतं. मला फुलाशिवाय झाड ओळखता येत नाही, हे त्यांना ऐकूनच नवल वाटलं. “फूल लागूस्तोवर ठिवला तर बी पडंल की रानात,” त्या म्हणाल्या.

टारफुल्याचं तर त्याहून अवघड. ज्वारीत उगवणारी ती नाजूक पांढरी फुलं जमिनीवर दिसेपर्यंत त्यानं खाली ज्वारीच्या मुळांतून बरंचसं ओढून घेतलेलं असतं. आता सोयाबीनमुळं खरिपाची ज्वारीच कमी झाली, त्यामुळं टारफुलाही फारसा दिसत नाही. फोटो मिळत नाही म्हणून हळहळणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

केना मात्र कुठं जात नाही. महालक्ष्म्यांना आघाडा आणि दूर्वांबरोबर तो मानानं येतो, पावसाळ्यात त्याची भाजी होते, आणि एरवी दिसला की उपटतात. उपटून टाकला तरी ओल मिळाली की पेरापेराला मुळं फोडतो. फूल जवळून बघावं असं: दोन ठसठशीत निळ्या पाकळ्या आणि खाली तिसरी, जरा हात आखडून दिल्यासारखी. ही शोभा सकाळपुरतीच. पण केन्याची खरी गंमत मातीत असते. जमिनीखालच्या फांद्यांना त्याला आणखी फुलं येतात, पांढुरकी, कधीच न उमलणारी. ती मिटल्या मिटल्याच बी धरतात. भुंगा नको, ऊन नको.

ते ऐकून मावशी म्हणाल्या, “म्हणूनच मरंना जणू!” मला त्या खालच्या फुलाचाही फोटो हवा होता. खुरपं मागून घेतलं आणि बांधाच्या कडेचा एक गड्डा अलगद मोकळा करायला बसलो. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “आता खांदायलेतच तर तुरीच्या ह्या दोन तासांतला बी काढा की, सर.”